अँकर ट्रॉलीची रिंग मधोमध सरकते आणि कयाक आडवी पडते: मूळ कुठे, इलाज काय

गेल्या दोन हंगामांत माझ्या कयाकला एकच दुखणं पाच वेळा झालं. नांगर टाकायचा, नांगराच्या दोराची ओढ पुढे-मागे नेणाऱ्या ट्रॉलीची रिंग नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत न्यायची, दोरी क्लीटमध्ये (दोरी धरून ठेवणाऱ्या दातेरी खाचेत) अडकवायची आणि गरवायला बसायचं. तासभर सगळं छान. मग आमिष लावताना सहज डावीकडे नजर जावी, तर रिंग गुडघ्याशी आलेली, होडी ओहोटीला आडवी, आणि जिकडून पाणी येतंय तिकडची कड खाली दबलेली. पाचव्या वेळी पाणी कडेवरून मांडीवर आलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, सुरी छातीशी होती, म्हणून दोर कापून सुटलो. दीड किलोचा नांगर, साखळी आणि पंचवीस मीटर दोर तिथेच तळाला राहिला.

त्यानंतर दोन महिने मी ही ट्रॉली उलगडून, मोजून, पुन्हा बांधून बघितली. दोष सापडला. तो नांगरात नव्हता, दोरातही नव्हता. घरी बांधलेली ट्रॉली सहसा ज्या पद्धतीने बांधतात, त्या पद्धतीतच तो असतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी कयाक साध्या प्रकारची आहे: वर बसायची, ३.३ मीटर लांब, पॉलिथिलीनची. पाणी दाभोळ खाडीचं, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाजवळचं. धोपावे-दाभोळ फेरीबोटीच्या वाटेपासून बरंच आत, कांदळवनाच्या कडेने, तांबोशी माशासाठी.

ज्यांनी ट्रॉली बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडीच्या एका अंगाला पुढच्या टोकाशी एक कप्पी, मागच्या टोकाशी दुसरी, आणि दोन्हींतून फिरणारा दोरीचा एक बंद फेरा, कपडे वाळत घालायच्या फिरत्या दोरीसारखा. त्या फेऱ्यात एक रिंग गुंफलेली असते आणि नांगराचा दोर त्या रिंगेतून जातो. जागेवरून न उठता दोरी ओढली की रिंग नाळेकडे जाते किंवा मागे जाते. कयाकवर उभं राहून टोकापर्यंत जाता येत नाही, म्हणून हा खटाटोप. नांगराची ओढ टोकावर लागली तर होडी पाण्याच्या धारेत सरळ राहते. ती मधोमध लागली तर होडी आडवी होते, पाणी एका अंगावर साचतं आणि नांगराचा दोर तीच कड खाली खेचतो. कयाक पलटी होते ती अशीच, आणि वाहत्या पाण्यात त्याला फार वेळ लागत नाही.

आधी काय काय करून बसलो

पहिला संशय नांगरावर गेला. ७०० ग्रॅमचा घडीचा नांगर काढून दीड किलोचा घेतला. मग त्याला मीटरभर साखळी लावली. मग दोर वाढवला: चार मीटर पाण्यात बारा मीटर सोडत होतो, तो वीसवर नेला. प्रत्येक वेळी नांगर अधिक घट्ट धरू लागला आणि प्रत्येक वेळी होडी तरीही आडवी झाली. नीट विचार केला तर हे व्हायचंच होतं. हलका नांगर निदान घसरत तरी होता आणि होडीला सुटका मिळत होती. भारी नांगर सुटत नव्हता, त्यामुळे आडव्या होडीची कड आणखी जोरात दबत होती. ट्रॉलीत दोष असताना नांगर मोठा करणं हा उपाय नाही, त्याने धोका वाढतो. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती.

दुसरा संशय माझ्यावरच. क्लीटमध्ये दोरी नीट बसवत नसेन. म्हणून पुढच्या दोन खेपांना मुद्दाम दोनदा तपासलं. दोरी बसलेली होती. रिंग तरीही आली.

तिथीचा धागा

मी गरवायला गेलो की वहीत चार ओळी लिहितो: तिथी, पाणी, वारा, काय लागलं. पाचही प्रसंग शोधून काढले तेव्हा लक्षात आलं की पाचही पौर्णिमा किंवा अमावास्येपासून दोन-तीन दिवसांच्या आतले होते, आणि पाचही दुपारी दीड ते साडेतीनच्या मधले. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, एकदाही नाही. सकाळी तर कधीच नाही.

याचं गणित आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या तोंडी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा. जागेप्रमाणे पाऊण-एक तास इकडेतिकडे धरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत दुपारच्या आधी भरती संपते आणि सगळी सुकती, म्हणजे ओहोटी, दुपारभर चालते. त्यातही ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात जोरात निघतं, ते बरोबर दीड-दोन ते साडेतीनच्या सुमाराला. आणि नेमक्या त्याच वेळी समुद्रावरून खारा वारा जोर धरतो. पाणी पश्चिमेला, समुद्राकडे निघालेलं आणि वारा पश्चिम-वायव्येकडून खाडीत शिरलेला. दोघं समोरासमोर.

अष्टमीच्या सकाळी याच्या उलट असतं. ओहोटी सहानंतर सुरू होते आणि जमिनीवरून येणारे मतलई वारेही समुद्राकडेच वाहत असतात. पाणी आणि वारा एकाच दिशेला, होडी दोरावर ताठ, रिंग पुढच्या टोकाला ओढलेली. सदोष ट्रॉलीसुद्धा अशा वेळी दोष दाखवत नाही. म्हणूनच सकाळच्या चाचणीवर विश्वास ठेवून मी फसत होतो.

वारा आणि पाणी विरुद्ध असले की काय होतं? पाणी होडीला नांगरापासून दूर ढकलत असतं आणि वारा परत नांगराकडे. कयाक पाण्यात जेमतेम वीतभर बुडते, वर आपण शिडासारखे बसलेलो, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की होडी नांगराच्या अंगावर पुढे येते. दोर सैल पडतो. झुळूक ओसरली की होडी तिरकी मागे जाते आणि दोराला हिसका बसतो. हा हिसका सरळ पुढून लागत नाही, बाजूने किंवा मागून लागतो. अशा प्रत्येक हिसक्याला रिंग थोडी थोडी मधोमध खेचली जाते. ती तिथे न जाता टोकालाच धरून राहणं, हेच खरं तर ट्रॉलीचं काम.

दोन चाचण्या, एक पाण्यात आणि एक अंगणात, दोन्ही सहज होतात

पहिली: फेऱ्याच्या दोरीवर, क्लीटला लागूनच, लाल इन्सुलेशन टेपची एक अंगठी गुंडाळा. टेपची कड क्लीटच्या कडेला अगदी टेकलेली हवी. पाण्यात अर्धा तास बसा आणि मग बघा. टेप क्लीटपासून दूर गेली असेल तर दोरी क्लीटमधून घसरते आहे. टेप जागेवर आहे आणि रिंग तरीही मागे आली असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. माझी टेप अडीच बोटं सरकली होती. रिंग मात्र दोन हातांहून जास्त मागे आली होती. म्हणजे क्लीट थोडा दोषी आणि बाकी कोणीतरी फार मोठा दोषी.

दुसरी चाचणी अंगणात. कयाक दोन टायरांवर ठेवली, रिंग नाळेला नेली, दोरी क्लीटमध्ये अडकवली. मग मासा तोलायचा हुकाचा काटा रिंगेत अडकवून मागच्या दिशेने ओढला, काट्यावर १० किलो येईपर्यंत. रिंग ७४ सेंटीमीटर मागे आली. फक्त दहा किलोला. उधाणाच्या हिसक्याला याहून कितीतरी जास्त ओढ येते. मी रिंगेकडे बघत होतो, पण त्या वेळी बायको कयाकच्या पुढच्या टोकाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, ती कप्पीच तुमच्याकडे येतेय."

सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

कप्पी दुप्पट ओझं घेते

माझ्या ट्रॉलीत दोन्ही कप्प्या बंजीला बांधलेल्या होत्या. गाडीच्या मागे सामान बांधतात तसलं इलॅस्टिक, पुढे एक तुकडा आणि मागे एक. हेतू असा की फेरा कायम ताठ राहावा. बांधायला सोपं आणि किनाऱ्यावर दिसायलाही सुबक दिसतं. पण रिंग मागे खेचली की ती दोरी पुढच्या कप्पीला वळसा घालून क्लीटकडे येते. दोरीच्या दोन्ही पदरांत तितकीच ओढ, म्हणून कप्पीवर दोन्हींची बेरीज. रिंगेवर दहा किलो तर कप्पीच्या बंजीवर वीस. आणि कप्पी एक वीत मागे आली की रिंग दोन विती मागे येते, कारण दोन्ही पदर एकेक वीत सैल होतात. माझ्या कप्पीची बंजी ३५ सेंटीमीटर ताणली जात होती, त्याचे झाले ७०. उरलेले चार दोरीच्या स्वतःच्या ताणाचे.

हे एकदा कळल्यावर माझं दुसरं जुनं कोडंही सुटलं. कप्पी बांधलेली पट्टी मी अॅल्युमिनियमच्या साध्या पॉप रिव्हेटने बसवली होती आणि ती दर हंगामाला निघून येत होती. मला वाटायचं रिव्हेट निकृष्ट. रिव्हेट साधेच होते, पण त्यांच्यावर मी समजत होतो त्याच्या दुप्पट ओझं येत होतं. रिंग सरकणं आणि रिव्हेट निघणं ही दोन दुखणी नव्हती, एकच होतं.

बांधणी कशी बदलली

पुढची कप्पी आता बंजीवर नाही. नाळेच्या उचलायच्या मुठीचा जो स्टीलचा बोल्ट आहे, त्याच्या भोवती ५ मिमीच्या न ताणणाऱ्या दोरीचे दोन वेढे घेऊन कप्पी तिथे पक्की बांधली. याचा फायदा दुहेरी. नवं भोक पाडावं लागत नाही, आणि कप्पी अगदी टोकाशी जाते. आधी माझी कप्पी टोकापासून पाऊण हात आत होती, कारण तिथे पट्टी बसवायला सपाट जागा होती. सोयीची जागा आणि योग्य जागा यांत ट्रॉलीपुरता मोठा फरक पडतो. रिंग टोकापासून जितकी आत, तितकी होडी तिरकी उभी राहते आणि तितका वारा तिच्या अंगावर धरतो. मात्र एक बघा: वेढे बोल्टभोवतीच घ्या, मुठीच्या पट्ट्याला किंवा प्लॅस्टिकच्या दांड्याला बांधू नका. पट्टा हलतो आणि झिजतो.

बंजी फक्त मागे ठेवली, तीही एकटी नाही. मागची कप्पी बंजीवर आहे, पण बंजीच्या जोडीला तितक्याच लांबीहून ५ सेंटीमीटर जास्त अशी साधी दोरी बांधलेली आहे. शांत असताना बंजी फेरा ताठ ठेवते. ओढ आली की बंजी पाच सेंटीमीटर ताणते आणि मग ती दोरी ताठ होऊन ओझं स्वतःवर घेते. जनावराला दावं असतं तसं. बंजी पूर्णपणे काढूनही चालतं, पण मग फेरा सैल-घट्ट होत राहतो. तो का, ते पुढे येईलच.

काट्याने परत ओढलं. नाळेला रिंग नेऊन मागे दहा किलो: ४ सेंटीमीटर. मागच्या टोकाला रिंग नेऊन पुढे दहा किलो: १३ सेंटीमीटर.

क्लीट आणि दोरी

टेप अडीच बोटं सरकली होती, त्याचं कारण दोरी. मी ४ मिमीची पॅराकॉर्ड वापरली होती. ती नायलॉनची असते, ताण आला की लांबते आणि भिजली की आणखी लांबते. शिवाय माझा नागमोडी दातांचा क्लीट ६ मिमीच्या दोरीसाठी होता. बारीक, ओली, गुळगुळीत दोरी त्यात धरून राहीलच कशी? आता ६ मिमीची विणलेली पॉलिस्टर दोरी लावली आहे. पॉलिस्टर फारशी ताणत नाही आणि उन्हालाही बरी टिकते. बाजारात स्वस्त मिळते ती पिवळी-निळी पॉलीप्रॉपिलीनची दोरी मात्र फेऱ्यासाठी नको. ती तरंगते हा तिचा गुण आहे, पण उन्हाने तिचे धागे चुरचुरीत होतात आणि तळहाताला टोचतात.

दोन कप्प्यांमधलं अंतर माझ्याकडे ३.१ मीटर. फेऱ्याला त्याच्या दुप्पट आणि गाठींसाठी पाऊण मीटर, म्हणजे सात मीटर दोरी पुरली.

क्लीट रिंग नसलेल्या पदरावर लावा. रिंगेच्या पदरावर लावला तर रिंग तिथे अडते आणि अर्धीच फिरते. दोरी पाण्यात लोंबू नये म्हणून मध्ये आधाराच्या कड्या लावतात, त्यासुद्धा याच रिकाम्या पदरावर. आणि क्लीटची जागा जमिनीवर अंदाजाने ठरवू नका. लाइफ जॅकेट घालून, जागेवर बसून, वल्हं मांडीवर ठेवून, न वाकता हात जिथे पोचतो तिथे खडूने खूण करा आणि मगच ड्रिल हातात घ्या. मी जॅकेट न घालता खूण केली होती. पाण्यात हात चार बोटं कमी पडायचा आणि दर वेळी मी होडीच्या एकाच कडेला झुकायचो. उजव्या हाताने गरवणाऱ्यांनी ट्रॉली डाव्या अंगाला लावावी, म्हणजे मासा उजवीकडून वर घेताना गळाचा दोर तिच्यात अडकत नाही.

पॉलिथिलीनला भोक पाडणं

यात घाई केलीत तर होडी आतून भरेल, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पॉलिथिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. सिलिकॉन लावलं की ते चिकटल्यासारखं दिसतं, पण नखाने उकरलं तर अख्खी पट्टी निघून येते. त्यामुळे पाणी अडवायचं काम सिलिकॉनच्या चिकटपणावर सोपवू नका. दाब हवा. पट्टी आणि होडी यांच्यामध्ये रबराचा वॉशर, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला चालतो, आणि बोल्ट घट्ट केल्यावर तो दबला पाहिजे.

जिथे झाकणातून आत हात पोचतो तिथे स्टेनलेसचा बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक नट. रुंद वॉशर सोडू नका, कारण अरुंद वॉशर मऊ प्लॅस्टिकमध्ये रुततो आणि ओढ आली की भोकातून आरपार निघतो. जिथे हात पोचत नाही तिथे रिव्हेट, पण आतल्या बाजूला तीन पाकळ्या पसरून धरतात तसला. साधा पॉप रिव्हेट आत जेमतेम फुगतो. तो पत्र्याला धरतो, पॉलिथिलीनला नाही. आणि खाऱ्या पाण्यात स्टीलच्या पट्टीला अॅल्युमिनियमचा रिव्हेट लावला की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. माझ्या निघालेल्या रिव्हेटांवर पांढरी भुकटी होती, तिचं कारण हेच.

भोक पाडल्यावर आतल्या कडेचा प्लॅस्टिकचा वर आलेला कंगोरा ब्लेडने काढा. तो राहिला की वॉशर सपाट बसत नाही.

सगळं बसवून झालं की प्रत्येक बोल्टभोवती साबणाचं पाणी लावा आणि होडीतलं पाणी काढायच्या भोकातून तोंडाने हळू फुंकर भरा. बुडबुडा आला की तो बोल्ट परत उघडा. पंप लावून जोरात हवा भरू नका, जोड उघडतील. पहिल्यांदा मला पाचांतल्या दोन बोल्टांना बुडबुडे दिसले, आणि ते मी सगळ्यात काळजीपूर्वक बसवलेले होते.

ऊन

फेरा सैल का पडतो याचं एक कारण कोणी सांगत नाही. पॉलिथिलीन उन्हात वाढतं. मीटरला आणि अंशाला साधारण दीड-दोन दशांश मिलिमीटर. हिशेब करून बघा: अंगणातल्या उन्हात होडीचं अंग साठ अंशांपर्यंत तापतं, खाडीचं पाणी तीस अंशांच्या आसपास. तीन मीटरच्या होडीला दीड सेंटीमीटर फरक पडतो, आणि फेऱ्याला दोन पदर असल्यामुळे तीन सेंटीमीटर. भर उन्हात ताठ बांधलेली दोरी पाण्यात गेल्यावर लोंबते ती याच कारणाने. शेवटची गाठ सावलीत, होडीवर पाणी मारून गार केल्यावर मारा. उरलेला फरक मागची पाच सेंटीमीटर ताणणारी बंजी सांभाळून घेते.

कप्प्या आणि रिंग

कपडे वाळवायच्या दोरीच्या कप्प्या लावू नका. त्यांचा आस लोखंडाचा असतो, पंधरा दिवसांत गंजून चाक अडतं. नायलॉनचं चाक आणि स्टेनलेसचा आस असलेली घ्या. ती मिळत नसेल तर कप्पीऐवजी स्टेनलेसची गुळगुळीत कडीसुद्धा चालते. दोरी जरा जड ओढते एवढंच. प्रत्येक खेपेनंतर कप्प्यांवर गोडं पाणी मारा. चिखलापेक्षा वाळलेलं मीठ जास्त अडवतं.

रिंग जोड झाळलेली, स्टेनलेसची, ४० ते ५० मिमी व्यासाची. किल्ल्या अडकवायचा हूक किंवा चमकणारा स्वस्त कॅराबिनर नको, त्याची स्प्रिंग मिठाने अडकते आणि नेमकी गरजेच्या वेळी उघडत नाही. रिंगेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी कप्पीत घुसून अडकत असतील तर गाठीच्या पुढे लाकडाचा एक मोठा मणी ओवा.

पाण्यात वापरताना

बरेच जण नांगर आधी टाकतात आणि मग रिंग टोकाला नेतात. संथ पाण्यात काही बिघडत नाही. पण ओढ असताना मधला तो अर्धा मिनिट होडी आडवीच असते. माझा क्रम आता उलटा आहे. नांगराचा दोर रिंगेतून ओवून रिंग आधी टोकाला नेतो, क्लीट लावतो, आणि मग जागेवर बसून दोर रिंगेतून सोडत जातो. खोलीच्या निदान तिप्पट, वारा असेल तर पाचपट. दोराचं माझ्याकडचं टोक वेगळ्या क्लीटला, आणि त्या टोकाला दीड लिटरच्या रिकाम्या बाटलीएवढा तरंगता फ्लोट. काही बिनसलं तर दोर क्लीटमधून सोडला की सगळा सर्रकन रिंगेतून निघून जातो, फ्लोट पाण्यावर राहतो आणि नंतर येऊन उचलता येतो. हा फ्लोट असता तर तळाला राहिलेला तो दीड किलोचा नांगर आज माझ्याकडे असता. दोराचं हे टोक होडीला गाठ मारून कधीही बांधू नका.

फ्लोट आहे म्हणून सुरी घरी ठेवू नका.

तळ खडपाचा किंवा कालवांचा असेल तर नांगर अडकतो. साखळी नांगराच्या खालच्या टोकाला बांधा आणि वरच्या कडीला फक्त एका केबल टायने धरून ठेवा. अडकला की होडी त्याच्या वर आणून जोरात ओढा, टाय तुटतो आणि नांगर उलटा होऊन सुटतो. खिशात पाच-सहा टाय जास्तीचे ठेवा. कालवांची धार दोराला करवतीसारखी कापते, म्हणून साखळी तिथे हवीच.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. वारा आणि ओहोटी अगदी समसमान जोरात आले, की चांगली ट्रॉलीसुद्धा होडी सरळ ठेवू शकत नाही. होडी दोन्हीकडे झोके घेत राहते, कधी पाण्याला तोंड करून, कधी वाऱ्याला. रिंग पुढे न्या, मागे न्या, काही फरक पडत नाही. अशा वेळी नांगर उचलायचा आणि कांदळवनाच्या आडोशाला जायचं, किंवा घरी. नवी ट्रॉली बांधल्यावर मी दोनदा असा उठून आलो आहे, आणि दोन्ही वेळा मागे तांबोशी उठत असलेल्या दिसत होत्या.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी गेलो. अडीच वाजता पाणी जोरात निघालं होतं, वारा समोरून, पाण्यावर छोट्या उभ्या लाटा. तासभरात होडी तीनदा नांगराच्या अंगावर आली आणि तीनदा हिसका देऊन मागे गेली. लाल टेप क्लीटला टेकलेलीच होती. रिंग नाळेच्या कप्पीपासून चार बोटांवर. पुढच्या हंगामाआधी मला फक्त मागच्या बंजीच्या जोडीची ती दोरी बदलायची आहे. तिच्या वळणावर बोल्टच्या कडेने दोन धागे उसवलेत, तिथे प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा घालेन.